कमी पाण्यातली ग्रीन गँग

नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, परीक्षा संपली की रूमला महिनाभर कुलूप. तरी गॅलरीत हिरवं काहीतरी हवंच! मग झाड निवडताना त्याच्या दिसण्याआधी एक प्रश्न विचारा : हे झाड तहान कशी सांभाळतं?

जुलै म्हणजे नर्सरीवाल्यांचा सीझन. कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, रूम नवी, रूममेट नव्या, बाहेर पाऊस भुरभुरतोय आणि गॅलरीचा कठडा मोकळा दिसतोय. मग दोघी-तिघी मिळून नर्सरी गाठतात. एक फर्न, एक अरेका पाम, कळ्यांनी भरलेला गुलाब आणि ‘किती क्यूट आहे ना’ म्हणून उचललेलं अजून एक काहीतरी. स्टेटस पडतं. गणपतीपर्यंत सगळं मस्त चालतं. दिवाळीनंतर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. मार्चमध्ये सबमिशन, एप्रिलमध्ये पेपर, मे महिन्यात गाव. जूनमध्ये कुलूप उघडलं की कुंडीत उरतात फक्त काड्या. आणि मग ते ठरलेलं वाक्य, “माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत.”

खरं तर हाताचा दोष फार थोडा असतो. गडबड होते ती निवडताना. आपण झाड बघतो. पण आपलं वेळापत्रक, आपला नळ आणि आपली सुट्टी बघत नाही. मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भाचा काही भाग... इथं पाऊस येतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडानं काढायचे असतात. त्यामुळे ‘पावसाळ्यात छान दिसणारं झाड’ आणि ‘आपल्याकडे टिकणारं झाड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पाण्याचा हिशेब

समजा गॅलरीत दहा कुंड्या आहेत. प्रत्येकीला रोज अर्धा लिटर पाणी. म्हणजे दिवसाला ५ लिटर आणि महिन्याला १५० लिटर. रूमवर राहणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर २० लिटरचे साडेसात जार! उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालावं लागलं तर पंधरा जार.

आता त्याच दहा कुंड्यांत आठवड्यातून एकदा अर्धा लिटर पाण्यावर भागणारी झाडं आहेत असं समजा. आठवड्याला ५ लिटर. महिन्याला साधारण २० लिटर, म्हणजे एक जार. साडेसात आणि एक. पाणी तिसऱ्या मजल्यावर बादलीनं चढवणाऱ्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

हा हिशेब काही जणांना कंजूषपणा वाटेल. पण २०१६चा उन्हाळा आठवा. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला मार्च महिन्यात कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. जिथं पिण्याचं पाणी रेल्वेनं येतं तिथं गॅलरीतल्या फर्नला रोज पाणी घालताना हात अडखळणारच.

पण मग झाडं लावायचीच नाहीत का? उलट! ज्या गावात उन्हाळा ४२ अंशांवर जातो, त्याच गावात खिडकीबाहेर हिरवं काहीतरी असण्याची गरज जास्त असते. फक्त झाड निवडताना ‘कमी पाणी लागतं’ या पाटीवर विसंबून चालत नाही. ते झाड कमी पाण्यात कसं जगतं, हे बघावं लागतं. कारण त्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तऱ्हा प्रत्येक जागी चालत नाही.

पहिली तऱ्हा : साठवणारी

कोरफड, पानफुटी, जेड, घायपात, निवडुंग, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, अ‍ॅडेनियम. ही मंडळी म्हणजे घरात आधीच पिंप भरून ठेवणारी काकू. कोरफड आणि जेड पाणी पानांत साठवतात, अ‍ॅडेनियम फुगलेल्या बुंध्यात, झेडझेड मातीखालच्या बटाट्यासारख्या गड्ड्यात.

यातल्या बऱ्याच जणांची आणखी एक युक्ती आहे. झाडाच्या पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. कोरफड, निवडुंग, घायपात, पानफुटी ही मंडळी मात्र रात्रपाळी करतात. ऊन उतरल्यावर रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून घ्यायची आणि साठवलेल्या मालावर अन्न तयार करायचं. बायोलॉजीवाल्यांना हे ‘कॅम’ म्हणून ओळखीचं असेल.

या शोधाची सुरुवात भारतातच झाली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांच्या लक्षात आलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस वर चढेल तशी त्याची आंबट चव जाते. त्यांनी हे लंडनला पत्रानं कळवलं आणि १८१५ मध्ये ते निरीक्षण छापून आलं. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं, हे त्यामागचं कारण पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडलं. (तुम्ही पान चाखून बघायची गरज नाही. पानफुटी जास्त खाल्ल्यानं गुरांना विषबाधा होते.)

साठवणारी झाडं कुंडीत सगळ्यात भरवशाची, कारण त्यांचा पाण्याचा साठा त्यांच्या अंगातच असतो.

दुसरी तऱ्हा : खोल जाणारी

बोगनवेल, कण्हेर, अडुळसा, शेवगा, तरवड. हायवेच्या दुभाजकावर भर मे महिन्यात फुललेली कण्हेर आणि बोगनवेल बघून आपल्याला वाटतं, यांना पाणी लागतच नाही. लागतं. पण त्यांची मुळं खोलवर आणि लांबवर जाऊन ते शोधतात. माळरानावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड तर कुणी लावतही नाही. अडुळसा आणि तरवड यांना शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून गावाकडे कुंपणाला हीच झाडं दिसतात.

आणि इथंच सगळ्यात मोठी गोची होते. हीच बोगनवेल आपण आठ इंची कुंडीत लावतो आणि ‘दुष्काळी झाड आहे’ म्हणून महिनाभर सोडून जातो. कुंडीत खोल जायला जागाच कुठं असते? आठ इंचांवर प्लास्टिकचा तळ लागतो. जमिनीतला दुष्काळ वेगळा आणि कुंडीतला दुष्काळ वेगळा. अंगणात जी बोगनवेल महिनाभर बिनपाण्याची राहील, तीच छोट्या कुंडीत भर उन्हाळ्यात आठवडाभरात मान टाकू शकते. त्यामुळे या गटातलं झाड हवं असेल तर एक तर जमीन हवी, नाहीतर मोठा ड्रम. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा चालतो. तळाला चार-पाच भोकं पाडायची. तेही बोगनवेलीपुरतं. शेवगा जमिनीतच शोभतो.

बोगनवेलीची एक गंमत मात्र कुंडीतही अनुभवता येते. तिला फार लाडानं पाणी घातलं की नुसता पाला वाढतो. थोडी तहान सोसली की ती रंगांनी भरून जाते. शेतकरी घरातल्या मुलांना हे नवीन नाही. डाळिंबाच्या, संत्र्याच्या बागेला पाण्याचा ताण देऊनच बहार धरतात. तेच इथं. आणि आपण ज्याला फूल म्हणतो ती गुलाबी कागदी पाकळी फूल नसतंच; ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरी नळी.

तिसरी तऱ्हा : झोपून घेणारी

पांढरा चाफा हिवाळा संपेपर्यंत पानं गाळून नुसत्या फांद्यांवर उभा राहतो. रेन लिलीचे कंद मातीत गुपचूप पडून राहतात आणि पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर एकदम फुलतात. ही झाडं दुष्काळाशी लढत नाहीत, तो टळेपर्यंत झोपतात. अ‍ॅडेनियमही थंडीत पानं गाळतं.

अडचण एवढीच, की झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड आपल्याला सारखंच दिसतं. मग एक तर आपण घाबरून पाणी ओततो आणि मुळं कुजतात, नाहीतर कुंडी रिकामी करून टाकतो. शंका आली तर फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. थांबा.

तुमची जागा कोणती?

सगळ्यांनाच अंगण नसतं. ऊन कुठून आणि किती येतं ते एक-दोन दिवस बघा. मग यादी करा.

दुपारचं कडक ऊन येणारी पश्चिमेची गॅलरी किंवा गच्ची : अ‍ॅडेनियम, घायपात, निवडुंग, कोरफड (कडक उन्हात ती लालसर-तपकिरी पडते, पण मरत नाही), मोठ्या डब्यात बोगनवेल. आणि चिनी गुलाब, ज्याला बरेच जण ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. सकाळी ऊन वर आलं की फुलं उघडणार, दुपारनंतर मिटणार. अगदी सरकारी वेळ! हे रोप घोळूच्या भाजीच्या जवळच्या नात्यातलं. बोटभर काडी मातीत खोचली तरी लागतं.

सकाळचं ऊन येणारी पूर्वेची गॅलरी : जेड, पानफुटी, सदाफुली, कढीपत्ता. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यातल्या घटकांपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. फुटपाथच्या फटीतही ती उगवते. पण छोट्या कुंडीत उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी मागते, हे लक्षात ठेवा.

खोलीच्या आत, खिडकीजवळ : स्नेक प्लांट आणि झेडझेड. दोघांनाही हिवाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं. मनी प्लांट या यादीत अर्ध्या पायानं आहे. तो चिवट आहे, पण सुकायला लागला की लगेच पानं पिवळी करून सांगतो.

घराला अंगण किंवा बांध असेल तर : शेवगा, पांढरा चाफा, कण्हेर, अडुळसा, तरवड, कुंपणावर गुळवेल. गुळवेलीचा वेल मधेच तुटला तरी वरच्या भागाला मुळ्या फुटून त्या खाली लोंबतात आणि जमीन शोधतात. याला म्हणतात जिद्द.

एक गोष्ट यादीत मुद्दाम नाही. तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब. ही सगळी आपली लाडकी, पण कुंडीत उन्हाळ्यात यांना जवळजवळ रोज पाणी हवं. लावायचीच नाहीत असं नाही. एखादी तुळस, एखादा मोगरा ठेवा. फक्त त्यांना कोरफडीच्या शेजारी बसवू नका. पंगत तहानेप्रमाणे बसवायची. जास्त पाणी पिणारी एका कोपऱ्यात, कमी पिणारी दुसऱ्या. नाहीतर एकाच मगानं सगळ्यांना पाणी जातं, मोगरा तहानलेला राहतो आणि कोरफड सडते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणी विभागानं १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द काढला, त्याच्या मुख्य नियमांतही असेच गट करायला सांगितलं आहे.

नर्सरीत गेल्यावर

महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांमधली बरीच रोपं बाहेरून येतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे. तिथल्या नर्सऱ्या देशभर झाडं पुरवतात. हा गोदावरीच्या मुखाजवळचा, पाण्यानं समृद्ध प्रदेश. म्हणजे नदी तीच, आपल्या पैठण-नांदेडवरून जाणारी. पण तिथली हवा दमट आणि पाणी भरपूर. तिथं वाढलेलं रोप ट्रकमधून थेट मराठवाड्याच्या उन्हात आलं तर त्याला धक्का बसणारच.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, नवं रोप आणल्या आणल्या कडक उन्हात ठेवू नका. आधी आठवडाभर सावलीत, मग थोडं थोडं ऊन. दोन, खूप मोठं, फुलांनी लगडलेलं रोप घेण्यापेक्षा लहान, बुंध्याशी दणकट रोप घ्या. लहान रोप नव्या जागेत लवकर जीव धरतं. तीन, कुंडीच्या तळाची भोकं बघा. मुळं भोकांतून बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते रोप फार दिवस त्याच कुंडीत अडकलेलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘कमी पाण्याचं झाड’ म्हणजे पहिल्या दिवसापासून कमी पाण्याचं नव्हे. बोगनवेल असो की कण्हेर, पहिल्या उन्हाळ्यात मुळं पसरेपर्यंत तिला आपली गरज असते. म्हणूनच लावायची वेळ जून-जुलै. पुढच्या एप्रिलपर्यंत मुळांना आठ-नऊ महिने मिळतात. मार्चमध्ये उत्साहानं आणलेलं झाड मेमध्ये हरतं ते याचमुळे.

मारतं ते ऊन नाही, पाणी!

साठवणाऱ्या गटातली झाडं घरात मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्यानं. कोरफड मऊ, पिवळट पडली, स्नेक प्लांटचं पान बुडाशी लिबलिबीत झालं, की समजायचं मुळं कुजली. आणि आपण काय करतो? झाड मलूल दिसतंय म्हणून अजून एक मग ओततो.

यावर उपाय साधा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. पूर्ण कोरडं लागलं तर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या आणि मग पुन्हा कोरडं होईपर्यंत विसरा. रोज घोट-घोट पाणी दिलं की माती फक्त वर भिजते, मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड कोसळतं.

मातीचंही तसंच. आपली काळी माती कापसा-सोयाबीनला सोनं. पण कुंडीत एकटी भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की सिमेंट. साठवणाऱ्या झाडांसाठी साधारण एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण करा. खोल जाणाऱ्या झाडांना मातीचा वाटा थोडा वाढवा. कुंडी मातीची असेल तर तिच्या अंगातून पाणी उडतं, मुळांना हवा मिळते. कोरफड-अ‍ॅडेनियमला ती बरी. मोगरा-तुळशीला मात्र ओल टिकवणारी प्लास्टिकची कुंडी पाणी वाचवते.

वरून उघडी माती ठेवू नका. वाळलेला पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, जे मिळेल त्याचा दोन बोटं जाड थर द्या. शेतातलं आच्छादन तेच इथं. उन्हानं माती थेट तापत नाही आणि ओल जास्त दिवस राहते. फक्त हा थर झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका. आणि कोरफड-निवडुंगाला पाल्याऐवजी खडीचा थर द्या.

पाणी दुसऱ्यांदा वापरताना

डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी झाडांना खुशाल घाला. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं. मीठ घालून उकळलेलं पाणी नको. आरओ मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. तेच रोज घातलं तर मातीवर पांढरा थर दिसायला लागतो. ते साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून द्या आणि पावसाळ्यात कुंड्या एकदा चांगल्या भिजू द्या म्हणजे साचलेले क्षार वाहून जातील. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी कढीपत्त्यासारख्या खायच्या झाडांना नको.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ताटल्या पुसून कोरड्या करा.

मे महिन्याची सुट्टी

पेपर संपले, बॅग भरली. गावाला जाण्याआधी अर्धा तास झाडांना द्या. सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकत्र, एकमेकींना चिकटून ठेवा. जवळ असल्या की एकमेकींना सावली मिळते. आच्छादनाचा थर वाढवा. नीट खोल पाणी द्या. कोरफड, स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, घायपात, अ‍ॅडेनियम ही मंडळी सावलीत महिना काढू शकतात. परत याल तेव्हा सुरकुतलेली दिसतील. दोन-तीन पाण्यांत पुन्हा बाळसं धरतील.

सदाफुली, कढीपत्ता यांच्यासाठी वातीची युक्ती आहे. भरलेली, झाकण लावलेली बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. जुन्या सुती कापडाची जाड पट्टी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत पुरा. पाणी हळूहळू उतरत राहतं. जाण्याआधी तीन-चार दिवस हे लावून बघा, म्हणजे बादली किती दिवस पुरते ते कळेल. नाहीच पुरणार असं दिसलं, तर खाली राहणाऱ्या काकूंना कुंडी सांभाळायला द्या. येताना गावाकडून काहीतरी खाऊ आणायला विसरू नका!

जरा जपून

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. अ‍ॅडेनियमचा चीकही विषारी. सदाफुली औषधात वापरतात म्हणून पानं चावून खायची नसतात. झेडझेडचं पान चावलं तर तोंडाची आग होते. जेड आणि स्नेक प्लांट मांजर-कुत्र्यांना बाधतात. घायपाताचा काटा डोळ्याच्या उंचीवर येणार नाही अशी जागा बघा. घरात लहान मूल किंवा रूमवर मांजर असेल तर आधी हा विचार, मग खरेदी.

आणखी एक. ‘हे झाड खोलीतली हवा शुद्ध करतं’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. या दाव्याचं मूळ नासाच्या १९८९च्या अभ्यासात आहे. पण तो छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये केला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेतला गेला. साध्या खोलीत हवा खेळती असल्यानं जेवढी शुद्ध होते, तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. एवढी झाडं ठेवली तर झोपायचं कुठं? खिडकी उघडा. झाड आवडतं म्हणून ठेवा, तेवढं कारण पुरे.

कमी निगा म्हणजे निर्जीव कोपरा, असंही नाही. पानफुटीवर रेड पिएरो नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. काळे-पांढरे पंख आणि मागे नारंगी पट्टा. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान आतून पोखरलेलं दिसलं तर लगेच औषध फवारू नका. एक-दोन पानं तिला खाऊ द्या. कढीपत्त्यावरही फुलपाखरांच्या अळ्या येतात. भाजीला चार पानं कमी पडतील, पण गॅलरीतून फुलपाखरू उडताना दिसेल.

फांदीची भिशी

या यादीतली अर्धी झाडं विकत घ्यायचीच नसतात. पानफुटीचं पान ओल्या मातीवर ठेवलं की कडांना रोपं फुटतात. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं येतात. स्नेक प्लांटचं पान कापून लावता येतं, पिवळ्या कडेच्या जातीचं रोप मात्र असं लावलं की कडा हरवून साधं हिरवं येतं. चाफ्याची फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवली आणि मग लावली तर सडत नाही. कोरफड-पानफुटीची जखमही दोन दिवस सुकू द्या.

म्हणून या पावसाळ्यात एक करून बघा. वर्गातल्या दहा जणांची फांद्यांची भिशी लावा. दर शनिवारी एकानं आपल्या घरून, गावाकडून दहा काड्या किंवा पिल्लं आणायची. कुणाच्या शेताच्या बांधावर घायपात असेल, कुणाच्या आजीच्या परसात अडुळसा, कुणाच्या गल्लीत बोगनवेल. सप्टेंबरपर्यंत प्रत्येकाकडे दहा तऱ्हेची झाडं होतील. सोबत प्रत्येकाच्या गावाची माहितीही येईल, की तिथं उन्हाळ्यात काय टिकतं आणि काय नाही. ही माहिती नर्सरीतल्या पाटीवर नसते. ती आजीकडे, बाबांकडे, बांधावरच्या कुंपणात असते.

काडी आणताना तीन प्रश्न विचारा. हे झाड पाणी साठवतं, खोल जाऊन शोधतं, की झोपून घेतं? गावाकडे ते जमिनीत आहे की कुंडीत? आणि एप्रिल-मेमध्ये त्याला कोण पाणी घालतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं आणि तुमची जागाही तशीच असली, तर काडी बिनधास्त घ्या.